गोठ्याचा उतार

मंडळी, मागच्यांनी जरा पुढं सरका. माय-माउल्यांनी लेकरं मांडीवर घ्या. मृदंगवाले बुवा, हाताला थोडा विसावा द्या. आज आधी एक प्रश्न टाकतो, मग गोष्ट. प्रश्न साधा आहे. देवावर भार टाकला, की माणसाचं काम संपतं का?

तुम्ही म्हणाल, बुवा, हे काय विचारणं झालं? देव आहे की बघायला! बरं. असंच म्हणणारा एक गृहस्थ होता. त्याची गोष्ट ऐका आणि उत्तर तुम्हीच द्या.

पंचगंगेच्या काठचं एक गाव. तिथं महिपती तिबिले म्हणून एक माणूस. धंदा वेल्डिंगचा — लोखंडी गेट, खिडक्या, ट्रॉल्या. त्यानं जोडलेला सांधा सुटलेला कुणी पाहिला नाही. शनिवारी मारुतीला तेल चुकवायचा नाही. माणूस सोन्यासारखा! खोट एकच — आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपायचं नाही. हसताय? शेजाऱ्याकडं बघून हसू नका, हसायचं तर आपापलं हसा.

त्याची एकुलती एक लेक समीक्षा. वय एकोणीस. हिला नाद कसला, तर वजन उचलण्याचा! कॉलेजात एकदा बार उचलला आणि पोरगी त्यातच रमली. गावात तालीम होती, पण तिथं लंगोटवाल्या पोरांचं राज्य. पोरीनं जायचं कुठं? महिपतीनं काय केलं असेल? दारच्या दोन म्हशी विकल्या आणि अख्खा गोठा लेकीला दिला. गाव हसलं. म्हणालं, महिपतीनं म्हशी विकून दावणीला लोखंड बांधलं! पण बाप असावा तर असा. मी त्याची खोट सांगितली, आता हेही सांगितलं पाहिजे.

गोठ्यात त्यानं स्वतःच्या हातानं स्टँड बनवला. दोन खांब, खाली चार पाय, वर बार ठेवायला दोन खोबणी. पोरीनं पुढं जायचं, बार खांद्यावर घ्यायचा, दोन पावलं मागं सरायचं, बैठका मारायच्या, पुन्हा पुढं येऊन बार खोबणीत ठेवायचा. काटकोनात स्टँड! रंगसुद्धा दिला, भगवा.

आणि पहिल्याच दिवशी स्टँड हलला.

आता इथं गाई-म्हशीवाले बसलेत, त्यांना विचारतो. गोठ्याची जमीन कशी असते हो? ... हां, ते पटकेवाले आजोबा बरोबर बोलले. उताराची! मूत वाहून गटारीत जावं म्हणून गवंडी जमीन मुद्दाम उताराची करतो. तुम्हाला बसल्या जागी कळलं. महिपतीला कळलं नाही. कारण तो जमिनीकडं बघतच नव्हता, तो आपल्या वेल्डिंगकडं बघत होता.

समीक्षा म्हणाली, "आप्पा, स्टँड हालतोय."

"माझा स्टँड हालत नसतो. तू बार वाकडा ठेवतीस."

चार दिवसांनी पुन्हा, "आप्पा, खरंच हालतोय. गटारीकडं झुकतोय."

मग त्यानं शहाबादी फरशीची एक कपची आणली, गटारीकडच्या पायाखाली सारली, हातोडीचे दोन ठोके दिले. "हं. आता हत्ती बांध." झालं! घरोघरी अशी एक कपची असतेच बघा. कुणाच्या टेबलाखाली, कुणाच्या संसाराखाली.

पण कपची ती कपचीच. बार उचलला की धक्क्यानं सरकायची. पोरगी पायानं आत ढकलायची आणि पुन्हा भाराखाली जायची. आई, शालन तिचं नाव, तिला स्वयंपाकघरात लोखंडाची खडखड ऐकू यायची. हातातली भाकरी हातातच राहायची. एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, "पोर म्हणतीय तर एकदा बघा की." महिपती म्हणाला, "मारुतीराया हाय. तू तव्याकडं बघ."

अशात खंडेनवमी आली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे — त्या दिवशी हत्यारं पुजायची, कामाला लावायची नाहीत. महिपतीनं वेल्डिंगचं मशीन पुजलं, हातोडा पुजला, लेकीचा बार पुजला, स्टँडला झेंडूची माळ घातली. आणि मंडळी, काय सांगू! खाली वाकून त्यानं त्या कपचीलाही हळदकुंकू वाहिलं. पाचरीची पूजा! हात जोडून म्हणाला, "माझ्या लेकीला सांभाळ." कुणाला म्हणाला? फरशीच्या तुकड्याला! भाव खोटा नव्हता हो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पण त्याच हातात पाना घेऊन, पोरीचं ऐकून, जमिनीला पातळी लावली असती, तर ती पूजा देवानं धावत येऊन घेतली असती.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षा गोठ्यात आली. अकरा दिवसांवर सांगलीची स्पर्धा. बारवर नव्वद किलो. नव्वद म्हणजे किती? सिमेंटची दोन पोती घ्या, त्यातलं एक घमेलंभर काढा, उरलेलं मानेवर ठेवा! बाप समोर उभा, कौतुकानं बघतोय.

तिनं बार खांद्यावर घेतला. दोन पावलं मागं सरली. एक बैठक. दुसरी. तिसरी. आणि महिपतीला दिसलं, बार निघताना बसलेल्या धक्क्यानं कपची उडून बाजूला पडलीय. "थांब पोरी, बसवतो," म्हणत तो स्टँडच्या आणि पोरीच्या मध्ये गुडघ्यावर बसला, कपची उचलली, डाव्या हातानं पायाखाली सारायला गेला — आणि अख्खा स्टँड गटारीकडं, त्याच्याच अंगावर कलला. कडेच्या खुंट्यांवर अडकवून ठेवलेल्या जादा वजनाच्या चकत्यांसकट! पायाखाली बोटं अडकली, खांब खांद्यावर आला. महिपती तिथंच खिळला.

आता पोरीकडं बघा. समोर बाप, दाराची वाट त्याच्या पलीकडं. मागं दीड पावलावर म्हशीची दगडी गव्हाण. बार मागं सोडावा, तर गव्हाणीवर आपटून उलटून येणार. पुढं वाकावं, तर मानेवरचा बार थेट बापाच्या डोक्यात. ठेवायची जागा? ती तर बापावर कलंडलेली! नव्वद किलो मानेवर, आणि ठेवायला जगात कुठं जागा नाही.

ती एकच शब्द बोलली. "आई."

एकच का? कारण पोटात दम धरून ती उभी होती. दम सुटला की कणा सुटतो. एवढ्या भाराखाली माणसाला रडायचीसुद्धा मुभा नसते.

बाप ओरडत होता, "टाक ग, टाक तो बार, माझं जाऊ दे." तिनं टाकला नाही.

मंडळी, टाळ थांबवा. हा क्षण मला शांततेत सांगायचाय.

महिपतीची मान खांबाखाली वाकलेली. त्याला लेकीचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होती फक्त तिची दोन पावलं. उताराच्या त्या जमिनीवर टेकलेली. बोटं फाकलेली, शिरा तट्ट फुगलेल्या, घोट्यावरून घाम ओघळतोय. मांड्या थरथरत होत्या, पण पावलं? पावलं तसूभर हलत नव्हती. याचं लोखंड हललं, याचा काटकोन हलला, याचा अभिमान हलला, आणि ज्या पोरीला हा म्हणाला होता की तूच वाकडी, ती तेवढी सरळ उभी होती. आजवर शेकडो वेळा देवळात डोकं टेकलं, पण पायांचं दर्शन म्हणजे काय, हे त्या माणसाला त्या दिवशी गोठ्याच्या गटारीकाठी कळलं. माझ्या अंगावर आत्ताही काटा येतोय, बघा!

शालन धावत आली. किंचाळली नाही. कोपऱ्यातली पहार उचलली, स्टँडच्या पायाखाली घातली, पहारीवर अंग टाकलं. दोन बोटं उचलला स्टँड. महिपतीनं हात ओढून घेतला, उजव्या खांद्यानं खांब रेटला, दोघांनी मिळून स्टँड बाजूला पाडला. वाट मोकळी झाली. समीक्षा एकेक पाऊल टाकत गोठ्याबाहेर अंगणात गेली, आणि तिथं बार पाठीमागं सोडला. जमीन हादरली. मग ती खाली बसली, आणि मग रडली.

बापाची दोन बोटं मोडली. प्लास्टर घालून घरी आला. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला, पाणी भरलेली नळी लावून गोठा मोजला. एका टोकापासून गटारीपर्यंत चार बोटं उतार! दुनियेची गेटं सरळ करणाऱ्यानं आपल्या घराची जमीन कधी मोजली नव्हती. जमीन सपाट करून घेतली, स्टँडचे पाय काँक्रीटमध्ये पक्के बोल्टानं आवळले. मग लेकीला म्हणाला, "पोरी, तू हलवून बघ. तू बरं म्हणशील तवाच बरं."

ती म्हणाली, "आप्पा, मी तीनदा सांगितलं होतं."

तिसऱ्यांदा कधी, हे त्याला आठवेना. तेव्हा तो बहुतेक मारुतीला तेल घालायला निघाला होता. त्यानं मान खाली घातली.

आता माझा पहिला प्रश्न. देवावर भार टाकला, की आपलं काम संपतं का? उत्तर मला नको. घरी जा. तुमच्याही घरात काहीतरी हलतंय, आणि कुणीतरी ते तुम्हाला सांगितलंय. बायकोनं सांगितलं असेल, सुनेनं, लेकीनं. तुम्ही म्हणालात, देव बघून घेईल, तू तव्याकडं बघ. मंडळी, देवानं बघितलं म्हणूनच तर तिच्या तोंडून तुम्हाला सांगितलं. आणि ती आता बोलत नाही, म्हणून सगळं स्थिर झालं असं समजू नका. दम धरून उभी असेल हो ती. जा, आधी तिला विचारा.