शिंपीकाका नाही म्हणाले नव्हते

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संस्थेच्या विश्वस्त बाईसाहेब; ज्यांच्या खोलीचं दार अकरा वर्षं मी न वाजवता उघडलं ते आमचे संचालक डॉक्टर; वेळात वेळ काढून आलेले आरोग्य खात्याचे प्रमुख पाहुणे; व्यासपीठावर बसलेल्या आणि तिथे खुर्ची न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो; आमच्या अभ्यासासाठी दोन वर्षं चाललेल्या, कोडी सोडवलेल्या आणि मीठ कमी केल्याचं छातीठोकपणे खोटं सांगितलेल्या ज्येष्ठ मंडळींनो; आणि तिसऱ्या रांगेत डावीकडे बसलेले शिंपीकाका आणि काकू, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की मी दोनदा मागे वळून पाहिलं, सत्कार दुसऱ्याच कुणाचा आहे की काय म्हणून. निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, हे मला समजतं. मीही इथे अनेकांबद्दल बोलले आहे. त्यातल्या काहींबद्दल तर ते गेल्यावर टेबलाचे खण उघडून पाहिले आणि मग वाटलं, जरा कमी बोलायला हवं होतं. आज माझा खण मी स्वतःच उघडून दाखवणार आहे.

पाहुण्यांसाठी आमचं काम दोन वाक्यांत सांगते. पासष्टच्या पुढची माणसं घ्यायची. अर्ध्यांना व्यायाम, आहार, रक्तदाबावर लक्ष आणि डोक्याला चालना, असा रतीब घालायचा आणि अर्ध्यांना नुसती माहितीपुस्तिका द्यायची. मग दोन वर्षांनी बघायचं, की अशा राहणीमुळे स्मृतिभ्रंश दूर ठेवता येतो का. विचार डॉक्टर करणार, रक्त प्रयोगशाळा तपासणार. पण माणसं आणायची कुणी? तर मी. वाचनालयात, बागेत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे पांढरं डोकं दिसेल तिथे मी. आमचे हे म्हणायचे, तुला लांबून बघून म्हातारी माणसं रस्ता ओलांडतात, हाच त्यांचा व्यायाम.

आणि माणसं काय सहज येतात? बायको म्हणते, "मी ठणठणीत आहे, ह्यांना घ्या, हे चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात." नवरा म्हणतो, "हिला घ्या, ही गॅसवर दूध ठेवून शेजारी जाते." स्वतःसाठी कुणीच येत नाही. मनातून सगळे घाबरलेले असतात. चाचणीत काही निघालं तर? त्यांना हसवत, गोंजारत दारापर्यंत आणायचं, हे माझं काम होतं आणि ते मला जमायचं. तेवढं कौतुक मी ठेवून घेते.

पण हे जे मानचिन्ह टेबलावर ठेवलंय, ते माणसं टिकवल्याबद्दल आहे. शंभरातली शहाण्णव माणसं शेवटच्या तपासणीपर्यंत टिकली. डॉक्टर मघाशी म्हणाले, ही बाईंची कला. कला कसली डोंबलाची. जी माणसं टिकणार नाहीत असं वाटायचं, त्यांना मी आतच घेत नव्हते.

नियम असा होता, की ठरलेली वेळ तीनदा चुकली तर नाव काढायचं. मी वेळ दोनदाच द्यायचे. आणि नाव काढताना यादीत कारण लिहावं लागायचं. त्याला तीनच चौकटी होत्या: संपर्क झाला नाही, अपात्र, इच्छुक नाही. 'विसरले' अशी चौथी चौकट नव्हती. विसरण्यावरच्या अभ्यासात ती कुणाला सुचली नाही. मलाही नाही. वेळ चुकली की मी 'इच्छुक नाही'वर खूण करायचे आणि पुढचा फोन लावायचे.

आता शिंपीकाकांबद्दल. ह्या दोघांची परवानगी घेऊन बोलते आहे. काकांची काल घेतली होती, आज सकाळी पुन्हा घेतली, कारण कालची त्यांच्या लक्षात नव्हती.

काकांचं दुकान आमच्या फाटकासमोर. आपल्या केंद्राचे सगळे पडदे त्यांच्या हातचे. चार वर्षांपूर्वी मी त्यांना विचारलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी चटकन हो म्हणालं. "घ्या की माझं नाव. चाळीस वर्षं जगाची मापं घेतली, आता माझं कुणीतरी घेऊ दे." मी चिठ्ठी दिली. मंगळवार, सकाळी दहा, उपाशीपोटी. ते आले नाहीत. फोन केला तर हसले. "अहो, पार विसरलो बघा." पुढचा मंगळवार दिला. तेव्हाही आले नाहीत. मी खूण केली.

बुधवारी सकाळी दहाला काका दारात उभे. इस्त्रीचा कोट, पॉलिश केलेले बूट, खिशात चिठ्ठी. मी म्हणाले, "काका, काल होतं." ते म्हणाले, "आज मंगळवार ना?" आणि मग हळूच म्हणाले, "उपाशी आलोय हो."

प्रतीक्षाकक्षात चार खुर्च्या रिकाम्या होत्या. नर्स मोकळी बसली होती. नियमाने त्यांची एक वेळ शिल्लक होती. त्यांना आत घ्यायला मला एक खूण पुसावी लागली असती, बस. मी मनात काय म्हटलं ते सांगते, कारण ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, हा माणूस दोन वर्षं काही येणार नाही, माझा आकडा पाडेल. आणि तोंडाने म्हणाले, "पुढच्या वेळी कळवते हं काका." ते 'बरं' म्हणून जिना उतरले. दुकानात जाऊन त्यांनी काही खाल्लं की नाही, मला माहीत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित आजही गप्प बसले असते. पण 'इच्छुक नाही'वर खूण केली, की आपलं यंत्र आपोआप पत्र पाठवतं. छान पत्र आहे, त्याचा मसुदा माझाच. 'आपण सहभागी होण्यास नकार दिलात. आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.'

आठवड्याने काका ते पत्र घेऊन आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. म्हणाले, "बाई, मी नाही म्हणालो होतो का?"

मी संगणकात बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हो काका. तसंच लिहिलंय."

मंडळी, रांगेत माणसं होती, फोन वाजत होता, ही सगळी कारणं मी चार वर्षं स्वतःला सांगून पाहिली. एकही टिकलं नाही. मला खूण चुकल्याचं कबूल करायचं नव्हतं, एवढंच होतं.

त्यानंतर काय झालं ते मला काकूंकडून कळलं, तेही गेल्या महिन्यात. ह्या समारंभाचं आमंत्रण द्यायला मी गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे नाही यायचे हो. तुमच्या केंद्राला नाही म्हटलं होतं ना ह्यांनी, त्याची लाज वाटते त्यांना."

लाज त्यांना वाटत होती. माझी होती ती. चार वर्षं त्यांच्या घरी राहत होती.

पत्र आल्यावर काकांनी विचार केला, की मी नाही म्हणालो आणि ते मला आठवतही नाही, तर गिऱ्हाइकांना मी आणखी काय काय म्हणत असेन? आधी दोनदा माप घ्यायचे, ते चारदा घ्यायला लागले. मग कापडावर कात्री ठेवायचे आणि उचलायचे. वर्षभरात दुकान बंद केलं. विसरणं होतंच त्यांना, ते काही मी दिलं नाही. आमच्या व्यायामाने ते थांबलं असतं का, तेही ठाऊक नाही, तेच तर शोधत होतो. कदाचित चाचणीत ते अपात्रच ठरले असते. पण मग त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना तपासलं असतं, आणि काकूंना जे अलीकडे कळलं ते चार वर्षं आधी कळलं असतं. आणि जे त्यांचं शाबूत होतं, त्यावरचा विश्वास तरी माझ्या एका वाक्याने गेला नसता.

मी त्यांच्या घरी जाऊन तीनदा माफी मागितली. दर वेळी काका नीट ऐकतात, मान डोलावतात, मग मापांच्या वहीतून ते पत्र काढतात आणि मलाच समजावतात, "पण बाई, इथे लिहिलंय ना." काकू म्हणाल्या, "तोंडच्या बोलण्यावर विश्वास नाही राहिला त्यांचा, स्वतःच्यासुद्धा. कागद आणा."

मी जुन्या वह्या काढून बसले. माझ्या 'इच्छुक नाही'मध्ये एक्केचाळीस माणसं अशी आहेत, की जी चुकीच्या दिवशी आली, किंवा वेळ विचारायला पुन्हा पुन्हा फोन करत राहिली. ज्यांच्यासाठी दार उघडलं होतं, त्यांनाच मी उंबऱ्यावरून परत पाठवलं आणि ज्यांना दिवस-वार चोख आठवतात त्यांची स्मृती कशी टिकते ते दोन वर्षं मोजलं. गेल्या सोमवारी डॉक्टरांना हे सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "बाई, समारंभ झाला की बोलू." डॉक्टर, समारंभ झाला की मी नोकरीत नसेन, म्हणून समारंभातच बोलते.

हे पत्र आहे, संस्थेच्या कागदावर. वाचते. 'आपण नकार दिला नव्हता. आपण हो म्हणाला होतात आणि आलाही होतात. उपाशीपोटी, चिठ्ठी घेऊन, एक दिवस उशिरा. आपल्याला परत पाठवलं ती चूक आमची होती. आपल्याला जे आठवतं, ते बरोबर आहे.' खाली माझी सही आहे. माझी सही उद्यापासून चालणार नाही, म्हणून डॉक्टर, शेजारी तुमची हवी. बाकी चाळीस पत्रंही ह्या पिशवीत आहेत, ती सावकाश करा. आणि पुढच्या अभ्यासात चौथी चौकट ठेवा.

बाईसाहेब, डॉक्टरांना जरा पेन देता? आभारी आहे.

आभार मानायचे तर नर्सताईंपासून शिपाईदादांपर्यंत सगळ्यांचे आहेत. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, जरा जास्तच सांभाळून घेतलंत. बोलताना कुणाला लागलं असेल, मानपान चुकला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते पदरात घ्या. बोलण्यातल्या चुकांची माफी सभेकडे मागते. दुसरी मागायची आहे, ती सभेने देण्यासारखी नाही.

मानचिन्ह इथेच राहू दे. काका, तुम्ही उठू नका, मीच खाली येते. हे घ्या, मांडीवरच्या त्या वहीत ठेवा. आणि ते जुनं पत्र मला द्या. ते माझं आहे, मी घरी घेऊन जाते.