बँक सरकारची झाली त्याची दुसरी सकाळ

रेक्याविकच्या तरणतलावाशेजारी, गरम पाण्याच्या कुंडात हेर्दिस गळ्यापर्यंत बुडून बसली होती. समोर दोन म्हातारे होते. ओड्डुरचे पैसे बँकेत नुसते खात्यावर होते. ग्रीमुरने मात्र मासेमारीची बोट विकून त्याच बँकेचे शेअर घेतले होते.

"सरकारनं बँक ताब्यात घेतली ते बरंच केलं. बुडू द्यायची होती का?"

"तुझं खातं शाबूत राहिलं. तुला बरंच वाटणार."

"आणि तुझे शेअर?"

"शून्य."

"अख्खी बोट गेली?"

"जाळ्यांसकट."

हेर्दिस उठणार होती, ती परत टेकली.

"पण ग्रीमुर, बँक आता जनतेची. म्हणजे तूही मालकच की."

"मालक मी परवाही होतो, बाबा."

"बायकोला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, आधी बँकेचा एक तुकडा आपला होता, आता सगळी बँकच आपली."

"काय म्हणाली?"

"किल्ल्या कधी देणार, म्हणाली."

"मग?"

"मग काय, माळ्यावरचे गमबूट काढले. आज पहाटेपासून मासळीच्या कारखान्यात जाते."

"सत्तराव्या वर्षी?"

"वय नाही विचारलं त्यांनी. सुरी धरता येते का, एवढंच विचारलं."