मागणीच्या दिवशी भर रस्त्यात मास्क काढल्याबाबत

मी डेनिस कायेम्बा, वय वर्षे बावीस, धंदा बोडाबोडा म्हणजे मोटारसायकलवरून माणसं व सामान नेणे, शिक्षण पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष अर्धवट, राहणार क्यान्जोवू बाजार, मसाका रस्ता. चौकीत समक्ष हजर राहून लिहून देतो की,

मला लिहिता येतं म्हणून साहेबांनी कागद माझ्याच हाती दिला आहे. अक्षर माझं, खाडाखोडही माझीच.

कुमारी प्रॉस्कोव्हिया नाबोसा बाजारातल्या औषधांच्या दुकानात काम करते. पहिल्या टाळेबंदीत बोडावर माणूस बसवायला बंदी होती, सामान तेवढं चालत होतं. त्या दुकानाची खोकी मी पोचवायचो. पहिल्या दिवशी माझा मास्क हनुवटीखाली होता. ती काउंटरमागून म्हणाली, "हनुवटीला सर्दी झालीय वाटतं?" तेव्हापासून माझा मास्क नाकावर असतो. पुढे कॉलेज उघडलं, मी परत गेलो नाही. कारण विचारू नये. तिच्याबद्दल इथे आणखी एक पान लिहिलं होतं, ते गुन्ह्याशी संबंध नाही म्हणून साहेबांनी काढायला लावलं. संबंध आहे, तरी काढलं.

आज तिच्या घरी आमचा क्वान्जुला, म्हणजे मागणीचा कार्यक्रम होता. सरकारी नियमाप्रमाणे दोन्हीकडची मिळून वीस माणसं. तिचे वडील बुसूल्वा गुरुजी मास्कच्या बाबतीत कडक आहेत. त्यांच्या थोरल्या भावाची शवपेटी दुसऱ्या लाटेत इस्पितळातून बंदच आली आणि पुरताना घरच्यांना कुंपणाबाहेर उभं राहावं लागलं. गुरुजी त्याबद्दल बोलत नाहीत. फाटकाशी पाण्याचा डबा आणि साबण ठेवतात. आज त्यांनी सगळ्यांना एकाच निळ्या कापडाचे, घरी शिवलेले मास्क फाटकातच वाटले आणि सांगितलं, "माझ्या अंगणात ज्याचं नाक दिसेल त्याने उठावं. मागणी तिथेच संपली."

आमच्या बाजूने बोलायला कातेंदेमामा होते. माझ्या आईचे भाऊ. त्यांनी उभं राहताच मास्क खाली ओढला. मुलीकडून तिचा थोरला भाऊ अँथनी बोलत होता. तो म्हणाला, "पाहुणे, नाक आत घ्या."

मामा म्हणाले, "फडक्याआडून मुलगी मागू? दरोडेखोर आहे का मी? नाक माझं, हवा देवाची!"

"हवा देवाची असेल, अंगण आमचं आहे. दंड म्हणून साखरेची पिशवी काढा."

यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या क्वान्जुलात दोन्हीकडचे बोलणारे असेच एकमेकांना टोमणे मारतात, दंड करतात, हसतात. सगळ्यांना वाटलं हेही त्यातलंच. मामांना चेव आला. "अहो, हा रोग शहरातल्या गार खोल्यांमधला! या गावात कोण गेलं, एक नाव सांगा!"

टाळी वाजली नाही. गुरुजी मांडवाच्या कापडाकडे बघत होते. मामांना ठाऊक नव्हतं, त्यांचं गाव लांब आहे. मागून कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. मामांनी मास्क वर घेतला, पण अर्धाच. मला तेव्हाच उठावंसं वाटलं होतं. उठलो नाही, कारण क्वान्जुलात नवरदेवाने तोंड उघडायचं नसतं. तो पाहुण्या पुरुषांत गुपचूप बसतो, मुलीची आत्या त्याला ओळखून काढते आणि गळ्यात हार घालते. हार ज्याला, मुलगी त्याला.

फेलिसिटाआत्याबाई मला ओळखतात ते माझ्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीवरून. पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, "बाळा, एवढ्या फटीतून सुखही गळून जाईल, जपून हस." आज फट मास्कखाली. पाहुण्यांतले आम्ही सहाही तरुण पांढरा पायघोळ कान्झू आणि काळा कोट घातलेले, मास्कही सारखे. त्यात आत्याबाईंच्या मास्कमधली वाफ वर जाऊन चष्मा धुरकटलेला. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या, पदराने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मी भुवया वर केल्या, जातील तेवढ्या वर. त्या म्हणाल्या, "याच्या डोळ्यात काहीतरी गेलंय, पाणी द्या रे याला," आणि पुढे सरकून वास्वाच्या गळ्यात हार घातला.

वास्वा माझा बोडाच्या अड्ड्यावरचा दोस्त. लग्न झालेलं, दोन पोरं. त्याची बायको रेहेमावहिनी आमच्याच बायकांत चटईवर बसली होती. ती ओरडली, "आत्याबाई, तो वापरलेला आहे! घरी पोरं आहेत त्याची!" सगळे पोट धरून हसले. हाही टोमणाच असणार! वास्वाला मी डोळ्यांनी खुणावलं. पण हार पडला म्हणजे आपणच नवरदेव आणि नवरदेवाने बोलायचं नाही, असं धरून तो दगडासारखा बसून राहिला. मी त्याला मारलं असतं. मारलं नाही, हे नोंदवून घ्यावं.

"लाजतोय बिचारा," आत्याबाई म्हणाल्या आणि हाताला धरून त्याला गुरुजींकडे नेऊ लागल्या. तेवढ्यात प्रॉस्कोव्हिया घरातून बाहेर आली. हार कुणाच्या गळ्यात आहे ते तिने बघितलं आणि पायरीवरच थांबली. मग तिने सरळ माझ्याकडे बघितलं. सगळे मास्क सारखे, तरी तिला शोधावं लागलं नाही.

बोललो तर रीत मोडते. फट दाखवली तर गुरुजींची अट मोडते. गप्प बसलो तर वास्वा माझ्या जागी जावई होतो. मी उठलो, फाटकातून पळत बाहेर गेलो, रस्ता ओलांडला, फणसाच्या झाडाखाली कुणीही नव्हतं तिथे जाऊन मास्क काढला, दात दाखवले आणि ओरडलो, "आत्याबाई, फट इकडे आहे!" लगेच मास्क परत चढवला.

त्याच वेळी गस्तीवरचे शिपाई सायकलवरून येत होते. त्यांनी माझी कॉलर धरली. मी म्हणालो, "साहेब, आवारात काढला असता तर तुम्हाला दिसलोही नसतो."

ते म्हणाले, "मग आवारातच काढायचा की, शहाण्या!"

"आत वीस माणसं आहेत ना!"

हे जरा चढ्या आवाजात बोललो, ते चुकलं. बुसूल्वा गुरुजी फाटकाशी आले होते. त्यांनी ऐकलं आणि आत वळले. माझं लग्न तिथेच मोडलं असं समजून मी सायकलमागे चालत चौकीत आलो. हा कागद हाती मिळाला तेव्हाही हीच समजूत होती. वर जी खाडाखोड आहे ती त्यामुळे.

इथवर लिहून होतंय तोच गुरुजी, अँथनी आणि मामा चौकीत आले. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, याने तुमच्याकडे गोंधळ घातला. तक्रार द्यायची आहे?"

"द्यायची आहे," गुरुजी म्हणाले. "मांडवात तोंड झाकून सगळे एकमेकांच्या कानाशी केकाटत होते. ओरडण्यासाठी लांब झाडाखाली गेला तो एकटा हा."

साहेब म्हणाले, "ही तक्रार झाली की शिफारस?"

"कायदा आहे, दंड घ्या त्याचा. आणि मग लवकर सोडा. केळीच्या पानातली कोंबडी निवतेय."

मामांनी काखेतला कोंबडा अँथनीपुढे धरला. आमच्यात मुलीच्या भावाने कोंबडा घेतला की मुलगी दिली. अँथनीने आधी वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तूच ना नक्की?" म्हणाला आणि कोंबडा घेतला. तो साहेबांच्या टेबलावरच घेतला गेला. शेजारच्या गुन्ह्याचे कागद उडाले ते त्यामुळे, माझा हात लागलेला नाही.

मास्क काढला हे खरं आहे. दंड मान्य आहे. आत्याबाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. वास्वाबद्दल रेहेमावहिनी बघून घेईल.

सासरे समोर उभे असल्याने आज मला बोलता येत नाही. सबब हा जबाब माझ्या वतीने कातेंदेमामांनी मोठ्याने वाचून दाखवला, मास्क नाकावर पूर्ण ठेवून. खिडकीबाहेरून कुमारी प्रॉस्कोव्हिया नाबोसा हिने "नीट ऐकू आलं नाही, पुन्हा वाचा" असं सांगितल्यावरून दुसऱ्यांदा वाचला. दोन्ही वेळा मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.