उजवीकडची सीट

अहो साहेब, तिकडून कुटं बसताय — उजवीकडं स्टेरिंग न्हाई तिला! व्हय, समदेच चुकत्यात. अमेरिकेची शेवरले, सत्तावन सालची, हिचं स्टेरिंग डावीकडं. या, ह्या अंगानं बसा. चावी आतच हाय, चालू करून आवाज ऐका. तुमच्या हाटेलाला घ्यायची म्हणताय, मग नीट बघून घ्या. माझं काय न्हाई आता, कुणी बी न्यावी. गॅरेजवर पाटी लावलीच हाय मी, विकणे आहे म्हणून.

धरणाकाठच्या बंगल्यात पडून होती — मुंबईच्या कुण्या शेटची. कोंबड्या बसायच्या हिच्यात. मागच्या सीटखालनं अंडी निघाली, खोटं न्हाई सांगत. शेट म्हणला, ने बाबा, जागा तरी मोकळी हुईल. बैलं लावून ओढून आणली हितवर. मग बसलो की उरावर घेऊन — एंजिनात नव्या रिंगा टाकल्या, ब्रेकचे रबर पुण्याच्या जुन्या बाजारातनं हुडकले, पत्रा ठोकून ठोकून सरळ केला. जाई म्हणायची — जाई म्हंजी आमची मालकीण हो — म्हणायची, सवत आणली दारात. आन रंग कुणी निवडला? तिनंच! हा पिस्ता रंग.

आता हिची गोम ऐका. आपल्याकडं रस्त्यानं चालायचं डावीकडनं आन स्टेरिंग बी डावीकडं — म्हंजी म्होरं ट्रक असला की मला त्याच्या ढुंगणाबिगर काय दिसत न्हाई. उजवीकडच्यानं बघायचं. तितं जाई बसायची. मी इचारायचो, “काढू का म्होरं?” रस्ता मोकळा असला की “चला.” समोरनं काय असलं की “येतंय.” बास, दोनच शब्द. येष्टी असो, म्हस असो, समद्याला “येतंय.” एकदा येतंय म्हणली, मी कचकन ब्रेक दाबला, आन आली कोण, तर कोंबडी! लई हसलो तवा.

मग काय — गेल्या साली, भातलावणीत, तिच्या पोटात कळ उठली. गावात माणूस न्हाई, समदी खाचरात. मागच्या सीटवर आडवी केली तिला आन निघालो पुण्याला. म्होरली उजवी सीट रिकामी. पिरंगुटच्या घाटात म्होरं बांबूचा ट्रक, चालतोय का थांबलाय कळंना. मी आपला सवयीनं इचारलं, “काढू का म्होरं?” — तर मागनं ती बोलली. “येतंय.” बारीक आवाजात, पर बोलली. मी म्होरं काढलीच न्हाई. पार बावधनपातूर त्या ट्रकमागनं सरपटत गेलो. समोरनं काय आलं न्हाई. सायकल बी न्हाई.

डॉक्टर म्हणला, वाटंतच गेल्या.

रडू आलं न्हाई मला. अजून बी येत न्हाई — जेवतो, झोपतो, नट पिळतो. काय वाटतच न्हाई बघा. निस्तं एक मागनं ध्यानात आलं — आडव्या पडल्याल्या माणसाला रस्ता कुटनं दिसणार? ती “येतंय” म्हणलीच न्हाई. “येते” म्हणली. माहेराला निघताना म्हणायची तसं. जाते कसं म्हणंल बाईमाणूस? आन मी ब्रेकवर पाय ठिवून बसलो.

आं? स्टेरिंग उजवीकडं घेणार? पाव्हणे आणाय-न्यायाला बरं म्हणून? घेता येतंय की. न यायला काय झालं. मग त्या सीटवर तुमचा डायवर बसंल...

न्हाई — थांबा. बंद करा एंजिन. येते म्हणून गेलीया ती, साहेब. गेलेलं माणूस येत न्हाई, कळतंय मला, खुळा न्हाई मी. पर तसं म्हणून गेलीया. चावी द्या हिकडं. पाटी काढतो मी. उतरा, दार लावा आन निघा तुमी.