सिसिलीच्या पत्राचा खालचा अर्धा कागद

—नाही नाही, वेळ आहे, भरपूर आहे. दुपारचा प्रयोग सुटून वीस मिनिटं झाली नाहीत अजून, आणि संध्याकाळचा साडेसातला. बसा तुम्ही. त्या खुर्चीवरचा कोट काढा — माझा नाही तो, पार्फिटचा आहे, कुठेही टाका. चहा? डोरीन आणेल, कपडेपटवाली डोरीन, आताच दार उघडलं ना तुम्हाला, ती. बरं, नको तर नको. आणि ती फाइल अशी मांडीवर घट्ट धरून बसायचं काही कारण नाही, मिस वॉटकिन, ईस्टबोर्नमध्ये जुने कागद कोणी पळवत नाही. बरं, धरा. दफ्तरखान्यातली माणसं कागद खाली ठेवत नाहीत, मला ठाऊक आहे, सात वर्षं तुमच्याच टेबलांवर काढलीत मी — तुम्ही नव्हता तेव्हा. तुमची पत्रं मिळाली. तिन्ही मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण दौऱ्यावर होतो — म्हणजे, तसं नाही, दौऱ्यावरही टपाल मिळतंच. दिलं नाही, एवढंच.

तुम्ही टीव्हीवर ती मालिका बघत होता का हो? घरी आई बघायची — हो, सगळ्यांच्या आया बघायच्या. दर रविवारी संध्याकाळी आठ वाजता, एकोणीस वर्षं. मी मूळचा असला नट नव्हे, हे आज कोणाला सांगून पटत नाही. तिशीत होतो तेव्हा राजे केले मी, खुनी केले, एकदा लीड्सला एका आंधळ्याचं काम केलं, तर पहिल्या रांगेतली बाई मला हाताला धरून पायऱ्या उतरवायला आली होती. मग चव्वेचाळिसाव्या वर्षी हा पार्फिट आला. बटलर. सहा भागांचं काम होतं — दार उघडायचं, कोट घ्यायचा, ‘बाईसाहेब दिवाणखान्यात आहेत’ म्हणायचं. लोकांना आवडला. का आवडला देव जाणे. लेखकानं त्याला बोलायला काही दिलं नव्हतं म्हणून असेल. सहाचे बारा झाले, बाराची एकोणीस वर्षं झाली. आणि मालिका संपली तेव्हा वाटलं, सुटलो, तर हे नाटक काढलं त्याच्यावर. आता गावोगाव दार उघडत फिरतो. रस्त्यात माणसं थांबून माझ्या हातात छत्री देतात, मिस वॉटकिन. गमतीनं देतात, पण देतात. तुमच्या दफ्तरखान्यातसुद्धा पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, ‘चहा इथेच आणणार का तुम्ही?’ मी हसलो. हसावंच लागतं. चिडलो तर म्हणणार, पार्फिट असा नव्हता.

लिहायला लागलो ते त्याच्यामुळेच, हेही खरं. चित्रीकरण म्हणजे काय असतं — पहाटे सहाला मिशी चिकटवायची आणि दुपारी तीनला दार उघडायचं. मधले नऊ तास बसून राहा. इतर लोक शब्दकोडी सोडवायचे. मी वाचायचो, जुनी पत्रं, जुन्या वह्या, मेलेल्या माणसांचं सगळं. मेलेली माणसं छत्री देत नाहीत. पहिलं पुस्तक एका आरमारी वैद्यावर लिहिलं, चार वर्षं खपून. एका परीक्षणकारानं काय लिहावं — ‘चांदीची भांडी पुसून झाल्यावर बटलरनं आता इतिहास पुसायला घेतला आहे.’ पाठ आहे मला ते वाक्य. माझ्या सगळ्या भूमिकांचे संवाद विसरलो, ते विसरलो नाही. तेव्हा ठरवलं की दुसरं पुस्तक असं लिहायचं, की कोणाच्या तोंडी बटलर येता कामा नये.

आणि तुमच्या दफ्तरखान्यात मला सिसिली सापडली. लेडी सिसिली थॉर्ल. तुम्हाला काय सांगायचं तिच्याबद्दल — नवरा राजाच्या विरुद्ध गेला, फसला, हॉलंडला पळाला, आणि तो हाती लागेना म्हणून हिला धरून ठेवली ब्रॅकनहोमच्या किल्ल्यात. चौदा वर्षं. उत्तरेचा बुरूज, एक खोली, एक दासी. तिनं नवऱ्याला लिहिलेली एकतीस पत्रं, सगळी किल्लेदारानं अडवलेली, म्हणून तर आपल्याला मिळाली. आणि मी तिच्यात अडकलो. हेस्टर म्हणायची — माझी बायको, शाळेत गाणं शिकवायची — म्हणायची, ‘तुझी ती बुरुजातली बाई जेवायला येणार आहे का आज, म्हणजे एक ताट जास्त मांडते.’ मी मिशी चिकटवून बसलेला असायचो आणि डोक्यात सिसिलीच. कारण मला कळत होतं ना ते. रोज तेच दार. तेच चार शब्द. बाहेरचं जग तुम्हाला एकाच नावानं ओळखतं आणि ते नाव तुमचं नसतं.

एकतिसावं पत्र. हो, येतो, त्याच्यावरच येतो.

वरचा अर्धा भाग स्वच्छ होता. ‘तुम्ही विचारता, मी कशी आहे’ — आणि खाली ओल. सगळा तपकिरी डाग, एक अक्षर लागत नव्हतं. पुस्तकात मी ते पूर्ण दिलंय. तुम्ही पत्रात विचारलंत, मी खालचा भाग कसा वाचला. तर त्या वेळी — त्या वेळी तो डाग इतका गडद नव्हता. खिडकीशी तिरपा धरला कागद की थोडं थोडं —

फाइलची नाडी सोडायला लागलात तुम्ही. थांबा, सांगतो.

नव्हतं काही दिसत. काहीच दिसत नव्हतं, मिस वॉटकिन. त्या रात्री — नाही, संध्याकाळच होती, चहाची वेळ — हॉटेलच्या खोलीत मी वरचा अर्धा मोठ्यानं वाचला, नट वाचतो तसा, उभं राहून. आणि ‘मी कशी आहे’ या शब्दांपुढे माझं तोंड थांबलंच नाही. पुढचं आपोआप आलं. लिहून काढलं. पहिल्या खर्ड्यात तिरप्या अक्षरात होतं ते, खाली टीप होती — ही माझी कल्पना आहे. मग एके दिवशी अक्षरं सरळ केली. मग टीप काढली. प्रकाशकाला माहीत नव्हतं, अजूनही नाही. कोणी सांगितलं नव्हतं मला. मीच काढली.

‘दार बंद आहे याचं आता काही वाटत नाही. भीती एवढीच वाटते, की कोणी उघडलंच, तर बाहेर पडायला मी उरले असेन की नाही.’

हे मी लिहिलंय. तिनं नाही. आणि लोकांनी फक्त तेच उचललं. चारशे पानांतलं तेवढंच. किल्ल्याच्या दुकानात चहाच्या मगांवर छापलंय, बघितलंत ना, बुरुजाच्या पायथ्याशी दगडात कोरलंय. त्या पुस्तकाला एवढा मान मिळाला, समारंभाला मी गेलो, तर व्यासपीठावर हेच वाचलं कोणीतरी, आणि पहिल्यांदा — माझ्या आयुष्यात पहिल्यांदा — सभागृहात माझ्याकडे बघून कोणाला पार्फिट आठवला नाही. मी तिथे उभा, आणि ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे माझं आहे. आणि सांगितलं असतं तर सगळं गेलं असतं. गंमत बघा. एकदाच काय ते मनातलं बोललो, तर ते तिच्या नावावर.

हेस्टरला वाटायचं की सिसिलीचंच आहे ते. टीप काढलेला खर्डा वाचताना रडली होती. म्हणाली, ‘ऑब्री, या बाईला तू शोधून काढलंस हे तुझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम.’ मग ती आजारी पडली. अकरा महिने अंथरुणावर, शेवटी शेवटी खोलीतून बाहेर नाही. रोज दुपारी सांगायची, वाच ते पत्र. मी वाचायचो. म्हणायची, ‘तिला कळलं होतं रे.’ मी म्हणायचो, हो. रोज ठरवायचो आज सांगू. कसं सांगणार? ती मनानं त्या बाईचा हात धरून बसली होती आणि मी सांगू, की बाई नाहीच, मीच आहे? तर तिला बरं वाटलं असतं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे तिच्या अंत्यविधीला भाचीनं तेच वाचलं. चर्चमध्ये बसून मी माझंच वाक्य ऐकलं, आणि लोक माझा खांदा थोपटत होते.

आणि दुसरं एक — हे तुमच्या कामाचं नाही, पण निघालंच आहे तर. ती मालिका. मी सगळ्यांना सांगत आलो की करारानं बांधलो होतो, निर्माते सोडत नव्हते. मुलाखतींत सांगितलं, हेस्टरलाही सांगितलं. तसं नव्हतं. दरवर्षी मार्चमध्ये कागद यायचा, दरवर्षी विचारायचे, यंदा कराल का? आठव्या वर्षी एका मोठ्या नाटक कंपनीनं बोलावलं होतं मला, म्हाताऱ्या राजाचं काम, ज्याच्यासाठी नट आयुष्यभर थांबतात. हेस्टरनं बॅगसुद्धा भरायला काढली होती. आणि मी घरी येऊन म्हणालो, ते सोडत नाहीत. ती निर्मात्यांवर चिडली, तिनं त्यांना पत्र लिहायला घेतलं, मी लिहू दिलं नाही. सोडायला मी कुठे सांगितलं होतं? मी घाबरलो होतो. राजा करायला गेलो आणि आतून पार्फिटच निघाला तर? — हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगतोय मी? तुम्ही गप्प बसता म्हणून. नटासमोर असं गप्प बसू नये माणसानं.

दाखवा. दाखवा तो कागद. तुमच्या तिसऱ्या पत्रावरूनच समजलो होतो मी — नव्या यंत्राखाली वेगवेगळ्या उजेडात फोटो काढले, पुसलेली शाई वर आली. म्हणून तर इतका वेळ तोंड चालू आहे माझं. चष्मा कुठे ठेवला — हा इथे आहे.

हं. तिचंच अक्षर. ‘एच’ची शेपटी बघा, नेहमी अशीच ओढते.

‘तुम्ही विचारता, मी कशी आहे. बरी आहे. मला सोडवायची खटपट आता करू नये. यंदा माझ्या पोळ्यांना मध चांगला लागला, सोडून गेले तर बघणारं कोणी नाही. किल्लेदाराची बायको अवघडलेली आहे, तिला माझ्याशिवाय जमत नाही. लोकर पाठवावी. राखाडी नको.’

राखाडी नको.

थांबा जरा. एक मिनिट.

राखाडी नको. हे कोणाला रचता येत नाही, मिस वॉटकिन. मी सात वर्षं तिच्या मानगुटीवर बसून होतो आणि हे मला सुचलं नसतं. तिला मधमाश्या होत्या. मला माहीत होतं, बुरुजाखाली परसबाग आहे, नकाशात आहे, तुम्हीच काढून दिला होता — म्हणजे तुमच्या आधीच्या बाईंनी. मी बघितलं आणि पान उलटलं. मला ती खिडकीत उभी हवी होती ना. ती खाली चिखलात गुडघे टेकून होती आणि मी तिला वर खिडकीत उभी करून ठेवली. एकोणीस वर्षं दार उघडं असून जो आत बसला त्यानं आपलं रडगाणं तिच्या तोंडी घातलं. चौदा वर्षं तिला त्यांनी डांबलं, आणि नंतर मी.

तिनं आपलं आयुष्य केलं हो तिथे. केलं तिनं.

नाही, मी ठीक आहे. काजळ आहे हे, पुसलं की पसरतं.

तुम्ही कोणाला दाखवलंय? तुमच्या वरिष्ठांना नाही, प्रकाशकाला नाही. आधी माझ्याकडे आलात. का? मला संधी द्यायला. किती सभ्य आहात तुम्ही. बरं, तर घ्या, वही आहे ना? लिहा. एकतिसाव्या पत्राचा छापलेला उत्तरार्ध मूळ कागदात नाही. तो ऑब्री लॅस्कम यानं स्वतः लिहिला आणि सिसिली थॉर्ल हिच्या नावावर खपवला. ‘खपवला’ असंच लिहा, ‘जोडला’ नको. तारीख घाला. द्या इकडे, सही करतो. हे. आता तो तिचा कागद छापा, दफ्तरखान्याच्या पत्रिकेच्या याच अंकात, मोठ्या अक्षरात, लोकरीसकट. सोमवारी छापायला जातो ना तुमचा अंक? सोमवारीच द्या, पुढच्यासाठी थांबू नका.

ऐकलंत का, स्पीकरवर बोलावतायत — पस्तीस मिनिटं राहिली, मिशी चिकटायलाच वीस लागतात. उठा.

आणि मिस वॉटकिन, एक ऐका. उद्या सकाळी मी तुम्हाला फोन करीन. नऊच्या सुमारास. मला मी माहीत आहे. मी म्हणेन की काल थकलो होतो, दोन प्रयोगांच्या मध्ये माणूस काहीही बोलतो; मग हेस्टरचं नाव काढीन, दगडात कोरलंय म्हणेन, रडीन — चांगलं रडता येतं मला, शिकलेलो आहे. तुम्हाला पटेल. उचलू नका तो फोन. परवाही करीन. उचलू नका. जा आता, जिना अंधारा आहे, जपून — डोरीन, मिशी आण गं.