बुलबुलाचा सत्कार

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न — पाखरावर दया करायची म्हणजे नेमकं करायचं काय? राहू द्या, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. समिती काढायची!

वाकेगावात निघाली — पक्षी-बचाव समिती! अध्यक्ष हणमंतराव. पहिला ठराव काय? तर ज्याच्या परसात घरटं, त्याचा सत्कार — त्याला शाल, पाखराला हार! गावानं परसं धुंडाळली. घरटं सापडणार कुठून? जिकडं तिकडं फरशी! एकट्या येसूआक्काच्या परसात तेवढी माती उरलेली, आणि तिच्या जास्वंदीत बुलबुलाची तीन पिलं. पोरं शहरात गेलेली, घर खायला उठायचं — त्या तीन चोचींवर आक्काचा जीव. घाबरतील म्हणून त्या बाजूला ती धुणंसुद्धा वाळत घालत नव्हती!

आणि आली की वरात! हार, नारळ, फोटोवाला!

आक्का आडवी आली. "अहो, लांब व्हा! आई अळी घेऊन तारेवर थांबलीय. तुमच्यामुळं खाली येईना!"

"आक्का, दोनच मिनिटं!"

फोटोवाला म्हणाला, "पानं मध्ये येतात." झालं! अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं फांद्या छाटल्या! आता हार कुणाला घालायचा? बुलबुल तर तारेवर! घातला झाडाला! वर टाळ्या!

वरात गेली. उघडं पडलेलं घरटं कावळ्याला दिसलं. आक्का काठी घेऊन धावेपर्यंत सगळं संपलं होतं. कावळ्याचा काय दोष हो? त्याला ताट वाढून दिलं कुणी? काय म्हणावं या माणसांना!

दुसऱ्या दिवशी हणमंतराव पुन्हा हजर — शाल द्यायची राहिली होती! आक्का पायरीवर बसलेली, रडून डोळे सुजलेले.

"शाल राहू द्या. तुमच्या परसात काय आहे?"

"फरशी! एकदम स्वच्छ!"

"त्यातली एक उखडा." तिनं कालच्या छाटलेल्या फांद्या त्यांच्या हातात कोंबल्या. "यातली एक लावा. जगते जास्वंद. उरलेल्या समितीला वाटा. आणि घरटं झालं ना, तर कुणाला सांगू नका. मलासुद्धा!"

मंडळी, हणमंतरावांनी लावली का, विचारताय? त्यांचं सोडा! तुम्ही काय करणार? हसताय काय? अंगणात चिमूटभर माती दिसली तर लाज वाटते तुम्हाला! जाताना दाराशी जास्वंदीच्या फांद्या ठेवल्यात, एकेक घरी न्या. एक फरशी काढा, फांदी लावा, आणि बाजूला व्हा!

आता विठ्ठलाचं नाव घ्या — अहो, हळू! टाळ खाली ठेवा. देवळामागच्या कण्हेरीत पिलं निजलीत.