काटा डावीकडे

...नाही हो, बॅटरी नवीनच होती! पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, आणि विचारताना तोंड असं करतात, की जणू मी सत्तर वर्षं मिशिगनमध्ये नुसतं गवत कापत होतो. "नॉर्ब, बॅटरी बघितलीस का रे?" बघितली! एक नाही, दोन बदलल्या. इंजिनचा पट्टा बदलला. आल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनातून वीज करणारा, तो बदलला, तो वाईट म्हणून त्याच्या जागी दुसरा बसवला, आणि मग दुसऱ्यावरही संशय आला म्हणून पहिलाच परत लावला. एकतीस वर्षं मी कारखान्यात गाड्यांची दारं बसवली, हजारो दारं, एकही कधी कुरकुरलं नाही... आणि ही एक गाडी, घरात उभी असली की अगदी शहाण्यासारखी वागते, आणि गल्लीच्या तोंडाशी आली, की तुम्हाला सांगतो, काटा डावीकडे!

काटा म्हणजे स्टिअरिंगसमोरच्या तबकडीतला, बोटाच्या पेराएवढा. मध्यावर असला तर सगळं ठीक, उजवीकडे गेला तर बॅटरी भरतेय, आणि डावीकडे झुकला तर बॅटरी रिकामी होतेय, म्हणजे गाडी स्वतःचंच रक्त पिऊन चाललीय. तो काही एकदम पडत नाही हो. पडला असता तर बरं होतं. तो हळूच झुकतो, डॉक्टर कागद वाचता वाचता चष्मा काढतात ना, तसा.

गाडी सत्तर सालची. नारंगी. आठ सिलिंडर. चालू केली की समोरच्या घरातल्या कपबशा हलतात. कंपनीचं नाव मी घेत नाही, आमच्याकडे त्या नावांवरून सोयरिकी मोडल्यात. आणि गाडी माझी नाही, इथंच सगळी मेख आहे! गाडी थोरल्या भावाची, कॅसिमिरची. आम्ही कॅझ म्हणतो. एकविसाव्या वर्षी त्यानं ती घेतली, तिच्यातूनच वहिनीला फिरवलं, तिच्यातूनच लग्नाला गेला, आणि वहिनी गेली तेव्हा ताडपत्री टाकून शेडमध्ये लावून दिली ती तिथेच राहिली. चार वर्षांपूर्वी मला म्हणाला, "नॉर्ब, तुला हौस आहे. घेऊन जा. नवी करून दे."

आणि मी केली! चार वर्षं! प्रत्येक तुकडा सुटा केला, घासला, आणि रंगाचे तीन-तीन हात दिले. बॉनेटच्या आतली भिंत? तीन हात. ब्रॅकेटच्या मागे, जिथे उंदीर बघणार नाही, तिथेसुद्धा तीन हात. चर्चनं भरवलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनात निळी फीत, म्हणजे पहिलं बक्षीस, मिळाली. परीक्षक वाकून इंजिनात बघत होता आणि त्यात त्याला स्वतःचं नाक दिसत होतं! आणि या चार वर्षांत कॅझला मी गॅरेजमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. का? कारण तो कारखान्यात विजेचं काम बघायचा, तीस वर्षं, आणि असा माणूस गॅरेजमध्ये आला की आधी "हं" म्हणतो. त्या "हं"नं माझं अर्धं आयुष्य खाल्लंय.

तर जुलैमध्ये कॅझच्या हृदयाची झडप गेली. नाकात नळी आली, खांद्याला ते ऑक्सिजनचं यंत्र आलं, जेवणाच्या डब्याएवढं, दिवसभर फुस्स... फुस्स. ऑपरेशनची तारीख मिळाली, ऑगस्टातला सोमवार. आणि त्याच्या आधीचा शनिवार म्हणजे आमचा तो शनिवार, मोठ्या रस्त्यावर सगळ्या जुन्या गाड्या काढायचा! कॅझ मला म्हणाला, "सोमवारी छाती उघडतायत. शनिवारी मला माझ्या गाडीतून एकदा त्या रस्त्यावरून ने. मग त्यांना काय उघडायचं ते उघडू देत." आणि हसला. तुम्हाला सांगतो, मी आधी वर छपराकडे बघितलं. कारण कॅझ हसत नाही. छप्पन्न साली एकदा हसला होता, त्याच दिवशी आमच्या आजोबांचं छप्पर उडालं.

मी म्हटलं, नेतो. वचन दिलं. गॅरेजमध्ये आलो, गाडी चालू केली, गल्लीच्या तोंडाशी नेली... काटा डावीकडे.

मग माझा मित्र एलरॉय आला. एलरॉय म्हणजे ज्याला गाडीतलं सगळं कळतं, फक्त एकोणीसशे साठपर्यंतचं. पँट वर ओढत म्हणाला, "बाजूला हो. आमच्या काळी अशी तपासायचे. इंजिन चालू ठेव, बॅटरीची तार काढ. चालू राहिली तर आल्टरनेटर चांगला, बंद पडली तर गेला." आता हे आमच्याकडे सगळे करतात. माझ्या वडिलांनी केलं, त्यांच्या वडिलांनी केलं, आणि त्यांच्या गाड्यांना ते चालायचंही. पण त्या गाड्या वेगळ्या होत्या, हे कोणाच्या लक्षात राहतं? एलरॉयनं तार काढली. इंजिन एकदम किंचाळलं, डाव्या बाजूचा दिवा असा पांढराफटक पेटला, की वेल्डिंग चाललंय असं वाटावं, आणि आतून बारीक धूर आला. बॉनेटखाली भिंतीला एक छोटा डबा असतो, आल्टरनेटरनं किती वीज करायची ते ठरवणारा. तो जळला. एलरॉय म्हणाला, "बघ! डबा खराब होता!"

मी नवा डबा आणला. त्याच सुंदर, तीन हात दिलेल्या भिंतीवर बसवला. घरात काटा उजवीकडे! मी नाचलो. गल्लीत काटा मध्यावर. देवाचे आभार मानले. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक गेलं मात्र, आणि काटा... सांगू? नको सांगू ना?

आणि शकुन काय काय झाले! शुक्रवारी आमचा कुत्रा गाडीजवळ येईना, लांबून बघून गुरगुरायला लागला. आरशाला टांगलेलं संत क्रिस्तोफरचं चांदीचं पदक, आमच्या आईचं, वाटेवरच्या माणसाला सांभाळणारा संत हो, ते आपोआप तुटून खाली पडलं. आपोआप! बर्नाडीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, छातीवर क्रूस केला. "नॉर्ब, ऐका माझं. त्यांना माझ्या गाडीतून न्या. तिच्यात एसी आहे." मी म्हटलं, "त्या रस्त्यावर? त्या शनिवारी? बाजारहाटाच्या गाडीतून? लोकं काय म्हणतील?" ती म्हणाली, "कॅझ जिवंत आहे म्हणतील." बायकांना या गोष्टी कळत नाहीत, असं मी म्हणालो. मोठ्यानं नाही.

शेवटी मी हिशेब असा मांडला, की बॅटरी काठोकाठ भरायची, नुसत्या बॅटरीवर तासभर गाडी चालेल, जाऊन येऊ. शनिवारी सकाळी कॅझ आला, व्हरांड्यात बसून पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खायला लागला, आणि मी गॅरेजमध्ये बॅटरी भरायला लावली. प्लगची जागा एकच. तिथे आधीच काहीतरी लावलेलं होतं, ते मी उपटलं आणि माझं लावलं. काय उपटलं ते बघितलं नाही. बघायला हवं होतं ना? आता सगळेच म्हणतात, बघायला हवं होतं!

निघालो. दुपारचे बारा, रणरणतं ऊन, आणि रस्त्यावर हा मुंगीचा वेग. दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून लोकं, हातात थंड पेयांचे डबे, "वाऽ काय रंग आहे!" असं ओरडतायत. मी एक हात बाहेर काढून राजासारखा हलवतोय. कॅझ शेजारी, पदक त्याच्या हातात, यंत्र मांडीवर... फुस्स... फुस्स. जुन्या सिनेमाघराची जागा आली तसा हळूच म्हणाला, "इथं थिओडोरा बसली होती. कठड्यावर. हिरवा फ्रॉक." थिओडोरा म्हणजे आमची वहिनी. मी मान वळवली, ती नेमकी तबकडीकडे.

काटा डावीकडे. आणि नुसता डावीकडे नाही, अगदी भिंतीला टेकलेला.

तेवढ्यात मांडीवरचं यंत्र पीं करून ओरडलं. मग परत, पीं. कॅझ म्हणाला, "याची बॅटरी संपली. सकाळी बर्नाडीनकडून तुझ्या गॅरेजमध्ये भरायला लावली होती मी." मी म्हटलं, "...अच्छा." तो म्हणाला, "हं."

काही हरकत नाही! यंत्राची तार होती, गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात घालायची. घातली. यंत्र सुरू झालं, फुस्स, आणि इंजिन खोकलं. पुन्हा फुस्स, पुन्हा खोकलं. एका बॅटरीवर दोन जीव! आणि मग दोन्ही गप्प. रस्त्याच्या मधोमध, पुढे चारशे गाड्या, मागे चारशे, आणि कॅझच्या ओठांवर तो निळसर रंग चढायला लागला... नारंगी गाडीत निळा रंग वाईट दिसतो हो, मी कधी विसरणार नाही.

शेजारच्या गाडीतला जाडा माणूस खाली उतरला, देवमाणूस. "अहो, आणा त्यांना इकडे! माझ्या गाडीत लावा यंत्र, चालू आहे!" मी कॅझचा पट्टा सोडायला लागलो. कॅझनं मान वळवली, त्या गाडीच्या नाकावरचा बिल्ला बघितला. दुसऱ्या कंपनीचा! आणि माझा भाऊ, ज्याला धड श्वास येत नव्हता, तो म्हणाला, "त्यात... मी... बसणार नाही."

"कॅझ! मरशील!"

"माझ्या... गाडीत... मरेन."

जाडा माणूस चिडला का? छे! त्यानं टोपी काढली. म्हणाला, "मानलं तुम्हाला. मीही बसलो नसतो." अशी ही माणसं! असा हा सगळा वेड्यांचा बाजार! त्याची बायको फोनवर रुग्णवाहिका बोलवायला लागली, त्यानं आपल्या बॅटरीची तार आमच्या बॅटरीला जोडली, ती चालली. तार घेतलेली चालते म्हणे, फक्त बसायचं नाही! इंजिन सुरू झालं, यंत्र जेमतेम फुस्स करायला लागलं, पण काटा डावीकडेच. तार काढली की संपलं. आणि रुग्णवाहिका येणार कुठून, चारशे गाड्यांवरून उडत?

तेव्हा कॅझनं विचारलं, चार वर्षांत पहिल्यांदा, "तो डबा... कशावर बसवलास?"

"भिंतीवर."

"भिंतीला रंग?"

"तीन हात," मी म्हटलं. मला अभिमान होता हो!

"डब्याच्या मागं पण? बोल्टच्या भोकात पण?"

"सगळीकडे, कॅझ. कुठे म्हणून सोडलं नाही."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, गेला. मग म्हणाला, "गाढवा. वीज जाते... तशी परत यायला लागते. डब्याला उघडं लोखंड लागतं. तू तिची परतीची वाटच... रंगवून बंद केलीस. नशिबानं बोल्ट कुठेतरी टेकतो... तेव्हा चालते. खड्डा आला... की सुटते. खरवड तो रंग."

खरवड. तो रंग.

आता मी तुम्हाला खरं सांगतो, खोटं बोलून कुठे जाणार? मी बॉनेट उघडलं. पाना हातात घेतला. ती भिंत बघितली. त्यात मला माझा चेहरा दिसत होता, मागचं आभाळ दिसत होतं, निळी फीत मिळाली तो दिवस दिसत होता. आणि मी विचार केला. माझा सख्खा भाऊ श्वासासाठी तडफडतोय आणि मी उभा राहून विचार केला! किती? तीन सेकंद. जास्त नाही. पण कॅझ खिडकीतून वाकून बघत होता, आणि त्यानं मोजले.

मग मात्र मी खरवडलं! असं खरवडलं की रडू आलं, रंगासाठी की त्याच्यासाठी ते आजही कळत नाही. बोल्ट सैल केला, पण मागून चकचकीत लोखंड नीट लागेना, मध्ये फट. कॅझनं खिडकीतून हात बाहेर काढला. हातात आईचं पदक. "हे घाल मध्ये." संत क्रिस्तोफरला मी डबा आणि भिंत यांच्यामध्ये कोंबला आणि बोल्ट आवळला. जाड्या माणसानं तार काढली. मी आत डोकं घातलं, डोळे उघडायची हिंमत होईना...

काटा उजवीकडे! तुम्हाला सांगतो, उजवीकडे! फुस्स... फुस्स... आणि ओठांवरचा तो निळा रंग हळूहळू उतरला. जाडा माणूस रडला. मी रडलो. खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं, आम्हाला फीत मिळाली.

रविवारी कॅझनं ते तीन सेकंद पाद्रीबाबांना सांगितले. बर्नाडीनला सांगितले. एलरॉयला सांगितले, आणि एलरॉय, ज्यानं डबा जाळला, तो मला म्हणतो, "तीन? नॉर्ब, भाऊ आहे तो!" सोमवारी स्ट्रेचरवरून आत नेताना कॅझ भूल देणाऱ्या बाईंना म्हणाला, "माझं काही झालं तर याला जवळ येऊ देऊ नका. माझ्यावरही तीन हात मारेल." आणि हसला! मी त्या लाकडी बाकावर सहा तास बसलो. माझ्यासमोर ते आजोबांचं छप्पर उडत होतं, परत परत उडत होतं. देवाला म्हटलं, हवा तेवढा रंग खरवड माझा, पण हा माणूस मला परत दे.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सावकाश चष्मा काढला... मी बाकाची कड धरली. आणि म्हणतात कशा, "छान झालं हो! नवी झडप एकदम फर्स्ट क्लास. तुमचे भाऊ अजून पंधरा वर्षं आरामात काढतील!"

मी तिथेच भिंतीला धरून रडलो. आनंदानं हो, देवाशपथ आनंदानं! मग डोळे पुसले आणि काचेतून आत बघितलं. कॅझ शुद्धीवर येत होता. त्यानं मला ओळखलं. पांघरुणाखालून हात हळूच बाहेर काढला, आणि तीन बोटं वर केली.

नर्सला वाटलं, पाणी मागतोय.

पंधरा वर्षं... तुम्हाला सांगतो, इथे, छातीत, मला स्पष्ट जाणवलं. काटा डावीकडे.